उजेडाचा रंग आणि पानातला तुरटपणा

घटस्थापनेला आई परडीत काळी माती पसरून गहू पेरत असे आणि परडी देवघराच्या कोपऱ्यात, समईशेजारी ठेवत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येत आणि नवमीपर्यंत चांगले वीतभर होत. पण शेतातल्या गव्हाचा हिरवेपणा त्यांना नसे. ते फिकट पिवळे, मऊ, लांबसडक असत आणि सगळे मिळून दाराकडे कललेले असत. दसऱ्याला ते टोपीत खोवायचे, केसांत माळायचे. उरलेली परडी अंगणात तुळशीपाशी ठेवली की एक-दोन दिवसांत तेच कोंब हिरवे होत. मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो, शिकवले, प्रयोगशाळेत दिवे लावून रोपे वाढवली. पण या विषयाची पहिली ओळख त्या परडीने करून दिली, आणि वाचकालाही मी तिथूनच आत बोलावतो.

परडीतल्या कोंबांना नऊ दिवस अन्नाची ददात नव्हती. दाण्यातला साठा त्यांना पुरत होता. त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता तो निरोप. आपण मातीबाहेर आलो आहोत, आता उंच धावणे थांबवून पाने उघडायला हरकत नाही, हे कोंबाला उजेडच सांगतो. तो पुरेसा मिळत नाही तोवर कोंब मातीत गाडल्यासारखाच वागतो, खोड लांबवत राहतो. फुले येणाऱ्या वनस्पतींत हरितद्रव्य बनण्याच्या वाटेवरची एक पायरी उजेडाशिवाय ओलांडता येत नाही, म्हणून तो पिवळा. आणि कलण्याचे म्हणाल तर कोंब वळतात ते निळ्या किरणांच्या दिशेने. समईच्या ज्योतीत तांबड्याचा भर असतो, निळे फारच थोडे. जवळच्या समईपेक्षा लांबच्या दाराची ओढ त्यांना का, याचे उत्तर ज्योतीच्या रंगात आहे.

प्रकाश झाडाचे इंधन आहे हे शाळेत सगळेच शिकतात. तो झाडाला मिळणारी बातमीही आहे, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत ओझरते येते. या पुस्तकात ही बातमी आणि झाड तिला देत असलेले उत्तर यांचा विचार आहे. उत्तर दोन अंगांनी पाहिले आहे: एक वाढीचे, दुसरे पानाफुलाफळांत तयार होणाऱ्या फिनॉलिक संयुगांचे. ही दोन्ही अंगे पुष्कळदा एकमेकांविरुद्ध ओढतात. एकच उजेड दोन्ही कामे सारखीच उत्तम करील अशी अपेक्षा धरून या विषयात शिरणाऱ्याची निराशा होते. ही ओढाताण समजून घ्यायला जो तयार आहे, त्याच्यासमोर मात्र हा विषय फार मोकळेपणाने उलगडतो.

प्रकाशाची तीन मापे वेगळी ठेवावी लागतात: किती, किती वेळ आणि कोणता. यातले तिसरे, म्हणजे उजेडात कोणत्या तरंगलांबीचे किरण कोणत्या प्रमाणात आहेत, त्याला आपण प्रकाशाची प्रत म्हणू. ४०० ते ७०० नॅनोमीटर हा पट्टा ढोबळमानाने प्रकाशसंश्लेषणाचा. ४०० ते ५०० निळा, ५०० ते ६०० हिरवा, ६०० ते ७०० तांबडा. पण झाडाचे जग इथे संपत नाही. ७०० च्या पुढे आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा दूर-तांबडा पट्टा आहे, आणि ४०० च्या अलीकडे अतिनील किरण. त्यातला २८० ते ३१५ चा भाग, म्हणजे अतिनील-बी, सूर्यप्रकाशात अगदी थोडा असतो. पण फिनॉलिक संयुगांच्या गोष्टीत तो आपल्या प्रमाणापेक्षा फार मोठी भूमिका करतो.

आकड्यांविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण तिथे अजूनही चुका होतात. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत तल्लख, म्हणून लक्समापक त्या उजेडाला जास्त गुण देतो, निळ्या-तांबड्याला कमी. रोपाला कोणता उजेड किती मिळाला हे त्यावरून कळत नाही. झाडासाठी प्रकाशकण मोजावे लागतात: एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल पडले, असे. स्वच्छ आकाशाखाली भर दुपारी हा आकडा २,००० च्या घरात जातो. निरनिराळ्या रंगांच्या दिव्यांची तुलना ज्या निबंधात फक्त लक्समध्ये आहे, त्याचे निष्कर्ष मी बाजूला ठेवतो. वाचकानेही ठेवावेत.

झाडाला रंग कळतात, याचा इतिहास मोठा सुरस आहे. १८८२ साली जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगलमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर छोटासा वर्णपट पाडला आणि पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. जिवाणू तंतूभर सारखे पसरले नाहीत. तांबड्या आणि निळ्या भागांपाशी त्यांची गर्दी झाली. प्रकाशसंश्लेषण कुठे जोरात चालले आहे याचा आलेख त्या जिवाणूंनी स्वतःच काढून दाखवला. पण ही इंधनाची बाजू झाली. बातमीची बाजू उघड झाली ती अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल इथे, कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात.

हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘ग्रँड रॅपिड्स’ नावाच्या लेट्यूसच्या बिया घेतल्या. या बिया अंधारात फारशा रुजत नाहीत. भिजवून त्यांच्यावर थोडा वेळ तांबडा उजेड पाडला की शेकडा सत्तरच्या आसपास रुजतात. तांबड्यानंतर लगेच दूर-तांबडा पाडला तर जेमतेम सहा. पुन्हा तांबडा पाडला, पुन्हा सत्तरच्या वर. तांबडा, दूर-तांबडा, तांबडा, दूर-तांबडा असे कितीही वेळा केले, तरी निर्णय शेवटच्या उजेडाचा. मधले सगळे पुसले जात. वीस-पंचवीस वर्षे हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्याचे तितकेच नवल वाटते. त्यावरून त्या संशोधकांनी ओळखले की बीमध्ये एकच रंगद्रव्य असले पाहिजे आणि ते दोन रूपांत आलटून पालटून वावरत असले पाहिजे: एक रूप ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा शोषणारे, दुसरे ७३० च्या आसपासचा दूर-तांबडा. त्या द्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले.

बीला या दोन रंगांतला फरक कळून काय उपयोग? कुठल्याही झाडाखाली उभे राहा आणि वर पाहा. पान तांबडा उजेड आपल्या कामासाठी शोषून घेते आणि दूर-तांबडा बराचसा खाली सोडून देते. मोकळ्या उन्हात या दोघांचे प्रमाण साधारण सारखे, तांबडा किंचित जास्त. दाट पानाखाली तांबडा अगदी थोडा उरतो. म्हणून दूर-तांबड्याचे आधिक्य म्हणजे ‘वर कोणीतरी आहे’ ही बातमी. बी ती ऐकून थांबते. उगवलेले रोप ती ऐकून उंच धावते. दाट पेरले की रोपे किडकिडीत, उंच होतात हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपण ते अन्नपाण्याच्या ओढाताणीवर घालत आलो. अर्जेंटिनाचे कार्लोस बायारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले की शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेला दूर-तांबडा उजेड पुरेसा होतो. प्रत्यक्ष सावली पडण्याच्या आधीच रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते.

निळ्या उजेडाचे ग्राहक, क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन, १९९० च्या दशकात जनुकांच्या पातळीवर ओळखले गेले. त्यांच्यावर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत. अतिनील-बीचा ग्राहक, यूव्हीआर-८ नावाचे प्रथिन, २०११ मध्ये सिद्ध झाला. त्याच्याजवळ उजेड पकडायला वेगळे रंगद्रव्य नाही. प्रथिनाचाच घटक असलेले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ते काम करते. अतिनील-बी पडला की प्रथिनाची जोडी सुटते आणि सुटे झालेले प्रथिन पुढे निरोप नेते. तो निरोप पोचतो तिथूनच आपल्या दुसऱ्या अंगाला, फिनॉलिक संयुगांना, सुरुवात होते.

ही संयुगे मराठी जिभेला परकी नाहीत. आवळा, जांभूळ, हिरडा, सुपारी, कच्चे केळे यांना आपण तुरट म्हणतो. तो तुरटपणा बहुतांशी टॅनिनांचा, म्हणजे फिनॉलिक कुळातल्याच मंडळींचा. जांभळाने जीभ जांभळी होते आणि कोकमाने सरबत लाल होते, ते अँथोसायनिनांमुळे. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, तुळशीच्या वासातला लवंगेसारखा भाग युजेनॉलचा. लाकडाला कणखर करणारे लिग्निनही याच घराण्यातले. आजवर ८,००० हून अधिक फिनॉलिक संयुगे ओळखली गेली आहेत, पण बहुतेकांची वाट एका ठिकाणाहून फुटते. फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लातून अमोनिया काढून घेणारे एक विकर आहे, ते या वाटेचे फाटक. पुढे चाल्कोन सिंथेज नावाच्या विकरापाशी फ्लेव्होनॉइडांची वाट वेगळी होते, आणि तिच्या एका टोकाला अँथोसायनिने उभी असतात. निळा उजेड आणि अतिनील-बी यांचे निरोप या फाटकांच्या जनुकांपर्यंत पोचतात आणि ती उघडतात.

झाड हा खर्च का करते? फ्लेव्होनॉइडे अतिनील किरण शोषतात आणि पानाच्या बाहेरच्या पेशींत साठतात. ती झाडाची छत्री आहे. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या काही उत्परिवर्तित वाणांत ही संयुगे बनतच नाहीत. त्यांच्या बियांचे कवच इतके फिके असते की आतला पिवळेपणा दिसतो. १९९३ मध्ये अशा रोपांवर अतिनील-बी सोडून पाहिला तेव्हा नेहमीच्या रोपांना सोसला तेवढ्याने ती होरपळली. चैत्रात आंब्याची, पिंपळाची, कुसुमाची पालवी तांबूस का येते, या प्रश्नाचेही एक उत्तर इथे शोधले जाते. कोवळ्या पानाची हरितद्रव्याची यंत्रणा अजून पुरी उभी राहिलेली नसते, तिला जास्तीचे ऊन झेपत नाही, आणि अँथोसायनिन ते अडवते. किडींना दूर ठेवणे हे दुसरे उत्तर. मला पहिल्यात अधिक तथ्य वाटते, पण हा वाद मिटलेला नाही.

वाढ आणि फिनॉलिक संयुगे यांच्यातली ओढाताण एका प्रयोगात फार स्वच्छ दिसते. अमेरिकेत कियान ली आणि चिएरी कुबोता यांनी लाल पानांच्या लेट्यूसची कोवळी रोपे पांढऱ्या उजेडात वाढवली आणि काहींना त्या उजेडात एकेका रंगाची भर घातली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निळ्याची भर घातली तेव्हा अँथोसायनिन ३१ टक्क्यांनी वाढले, अतिनील-ए ची घातली तेव्हा ११ टक्क्यांनी. तांबड्याच्या भरीने एकूण फिनॉलिक संयुगे ६ टक्के वाढली. दूर-तांबड्याच्या भरीने रोपाचे ओले वजन २८ टक्के वाढले, पानांची लांबी ४४ टक्के वाढली आणि अँथोसायनिन ४० टक्क्यांनी घटले. म्हणजे बाजारात वजनावर विकणाऱ्याला जो उजेड सोन्यासारखा, तोच पानाचा लाल रंग धुऊन नेणारा. ‘कोणता उजेड चांगला?’ या प्रश्नाला म्हणून एका वाक्यात उत्तर नाही. कशासाठी, कोणत्या वाणाला, वाढीच्या कोणत्या टप्प्यावर, हे आधी विचारावे लागते.

असे आकडे वाचताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, प्रमाण दर ग्रॅमला दिले आहे की दर रोपाला, हे पाहावे. रोप खुरटले तर त्यातली संयुगे दाटतात आणि दर ग्रॅमचा आकडा फुगतो, पण टोपलीत पडणारे एकूण संयुग कमीच असू शकते. दुसरे पथ्य मोजणीच्या रीतीचे. एकूण फिनॉलिक संयुगे मोजायला बहुतेक प्रयोगशाळा फोलिन-चिओकाल्टो हा अभिकर्मक वापरतात आणि उत्तर गॅलिक आम्लाच्या तुल्यमानात देतात. ही रीत स्वस्त आणि सोपी आहे, पण ती खरे तर नमुन्याची क्षपण करण्याची ताकद मोजते. क जीवनसत्त्वही त्यात मिसळून मोजले जाते. कोणते संयुग वाढले हे सांगायचे असेल तर ती वेगवेगळी करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडच्या तरुण संशोधकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की निबंधांची संख्या कमी झाली तरी चालेल, ही मोजणी नीट करा. आणि परीक्षानळीत एखादा अर्क ऑक्सिडीकरण रोखतो, एवढ्यावरून तो माणसाला औषध होतो असे लिहू नका.

हिरव्या उजेडाबद्दल थोडेसे. पान हिरवे दिसते, म्हणून हिरवा उजेड त्याला निरुपयोगी, हा समज फार पसरलेला आहे. १९७२ मध्ये कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर मोजणी करून दाखवले की हिरव्या उजेडातही प्रकाशसंश्लेषण चांगले चालते. आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो तो त्याचा लहान हिस्सा. बराचसा पान शोषते, आणि तांबडा-निळा वरच्या थरांतच अडकत असल्याने पानाच्या खोल पेशींना पोसण्याचे काम हिरवाच करतो.

रंगीत उजेडाचे प्रयोग सोपे झाले ते एलईडीमुळे. आरंभी फक्त तांबडे दिवे परवडत. त्यांच्याखाली रोपे जगत, पण नीट बांधली जात नसत. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या निळ्या एलईडीने ती उणीव भरली. त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातल्या अंतराळवीरांनी तांबड्या, निळ्या, हिरव्या एलईडीखाली वाढलेले लाल लेट्यूस खाल्ले.

बंद खोलीत दिव्यांवर पिके घेण्याचे हे शास्त्र मुख्यतः उजेड महाग असलेल्या देशांत वाढले. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने ऊन मुबलक आहे. आपला प्रश्न उजेड विकत घेण्याचा नाही, आलेल्या उजेडातून निवड करण्याचा आहे. ती निवड आपले शेतकरी करतच आहेत. नाशिक भागात थॉमसन सीडलेस किंवा सांगलीच्या तासगाव भागातून आलेल्या तास-ए-गणेशसारख्या पांढऱ्या द्राक्षांच्या मण्यांत पाणी उतरले, आणि रात्रीची थंडी आणि दिवसाचे ऊन यांत अंतर पडू लागले, की काही मणी गुलाबी पडतात. निर्यातीच्या बाजारात असा माल मागे पडतो. म्हणून बागायतदार घडांना वर्तमानपत्राचे कागद लावतात. हजारो घड एकेक करून झाकायचे, ही मजुरी थोडीथोडकी नसते. तो गुलाबीपणा अँथोसायनिनाचाच. आणि शरद सीडलेससारख्या काळ्या वाणाच्या बागेत, किंवा वाइनच्या लाल द्राक्षांत, नेमके हेच द्रव्य पुरेसे भरले नाही तर नुकसान होते. तिथे घडाभोवतीची पाने काढून ऊन आत घ्यावे लागते, पण इतकेही नाही की मणी तापून रंग उलट कमी होईल. एकाच जिल्ह्यात एकाच संयुगाला एक बागायतदार अडवतो आहे आणि दुसरा बोलावतो आहे. यात थंडीचा वाटा किती, उजेडाचा किती आणि उजेडातही कोणत्या रंगाचा किती, हे वेगळे करून दाखवणारे काम आपल्या हवामानात, आपल्या वाणांवर व्हायला हवे. कागदाऐवजी काय वापरावे याचे उत्तर त्यातून निघेल.

पॉलिहाऊसचेही तसेच. आच्छादनाच्या कागदाची जाडी आणि टिकाऊपणा आपण विचारतो; तो अतिनील किरण किती आत सोडतो हे क्वचितच विचारतो. अतिनील अडवणाऱ्या कागदाखाली लाल लेट्यूसचा लाल रंग फिका पडतो. जपानमध्ये उजी परिसरातले चहाचे मळेवाले उलट बाजूने याच ज्ञानापर्यंत पोचले. ग्योकुरो आणि माच्चासाठी तोडणीआधी सुमारे तीन आठवडे ते झाडांवर सावली धरतात. सावलीत कॅटेचिने कमी बनतात, तुरटपणा उतरतो आणि थिअनिन हे अमिनो आम्ल टिकून राहते, ज्याने चहाला मधुर चव येते. फायटोक्रोम माहीत होण्याच्या कितीतरी आधीची ही रीत आहे.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. रसायनशास्त्राची सवय नसलेल्या बागायतदाराने ग्राहक-प्रथिनांची प्रकरणे सोडून थेट आच्छादने आणि जाळ्यांपाशी जावे. विद्यार्थ्याने मात्र मोजणीचे प्रकरण आधी वाचावे. आणि वाचायच्या आधी हाताने एक प्रयोग करून पाहायचा असेल तर मेथी पेरा. चार कुंड्या, एकच माती, एकाच मुठीतले बी. एक कुंडी मोकळी ठेवा, बाकी तिघींवर तांबड्या, निळ्या आणि हिरव्या जिलेटीन कागदाचे तंबू करा. दहा-बारा दिवसांनी उंची मोजा, पाने मोजा, चावून चव पाहा. निळ्या कागदाखाली रोपे बुटकी राहावीत असे पुस्तके सांगतात, पण तुमची कदाचित लांबलेली निघतील. गोंधळू नका. असे रंगीत कागद बहुधा आपला रंग सोडतातच, शिवाय डोळ्यांना न दिसणारा दूर-तांबडाही जवळजवळ सगळा आत सोडतात. म्हणजे निळ्या तंबूतल्या मेथीला दाट झाडाखाली उगवल्याची बातमी मिळालेली असते. शिवाय कागदाने एकूण उजेडही कमी झालेला असतो. तेव्हा मोकळ्या कुंडीसोबत आणखी एक कुंडी ठेवा, तिच्यावर पांढऱ्या मलमलीची सावली धरा, आणि तुलना तिच्याशी करा.